तीन सेकंदांची पेटी

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या निवेदिका ताई, आणि नाश्त्याच्या आशेनं का होईना, वेळेवर आलेल्या मंडळींनो,

माझ्या त्या प्रसिद्ध पेटीला खरा खर्च किती आला, ठाऊक आहे? भिंतीवरचं एक घड्याळ, दारावरची घंटा आणि दोन रविवार. त्या रविवारांवर आमच्या सौभाग्यवतींनी अजून पाणी सोडलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी आपल्या रेडिओ केंद्रावरचा सकाळचा गप्पांचा कार्यक्रम शेवटच्या घटका मोजत होता. दोन तासांत तीन फोन, त्यातला एक ताईंच्या आईचा! महिनाभरात सुधारला नाही तर कार्यक्रम बंद आणि ताई घरी, असं मीच बजावलं होतं. मी रेडिओ दुरुस्त करत वर आलेला माणूस, कान तिखट. रोग लगेच ओळखला: लोक फोनवर बोलता बोलता थांबतात. म्हणून पेटी केली. तीन सेकंद कोणी गप्प बसलं, की आपोआप धून वाजायची.

पहिल्याच आठवड्यात एक आजी मुलाबद्दल सांगू लागल्या. "तो गेल्यापासून..." म्हणाल्या, थांबल्या, आणि धून सुरू! त्यांनी फोन ठेवला. ताई मला म्हणाल्या, "साहेब, माणूस आवंढा गिळत असतो हो."

मी म्हटलं, "गिळू द्या, पण जरा लवकर!"

हसू नका. पुढच्या आठवड्यापासून धून वाजेना, आणि फोन मात्र वाढू लागले. मी ज्याला त्याला सांगत सुटलो, माझ्या पेटीनं लोकांना शिस्त लावली! पण डोकं चालेना. त्याच आजींचा पुन्हा फोन आला, पुन्हा त्या मध्येच थांबल्या. मी मनात नऊ आकडे मोजले. आजी गप्प, ताई गप्प, पेटीही गप्प. मग आजी बोलल्या, आणि त्यानंतर फोन थांबेनात. माझंच मोजणं चुकलं का? ताईंना विचारलं, तर म्हणतात, "पेटी फार कामाची आहे, साहेब. तिच्यावर डबा नीट बसतो."

सोमवारपासून ताईंच्या जागी नवा निवेदक येतोय. त्याला मी नेमकं काय शिकवू?

असो. ताई, तुमचे आभार मानायला उभा राहिलो आणि स्वतःचंच सांगत बसलो. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. काही कमीजास्त बोललो असेन, तर मोठ्या मनानं सोडून द्या. काल त्या निवेदकाला दाखवायला पेटी पुढे ओढली. प्लग सॉकेटच्या बाहेर होता. त्यावर चार वर्षांची धूळ होती.