वीस मशीनला एकच खिडकी

फिलिप सर : न्हाई म्हंजे न्हाई. तुझा तो कॉन्सोल मी ह्या लॅबमधी घुसू द्यायचा न्हाई, मोनिका.

मोनिका : हळू बोला, सर. दिवाळीची सुट्टी आहे. अख्ख्या शाळेत तुमचाच आवाज घुमतोय.

फिलिप सर : माझा आवाजच तसा हाय. नववीत तुला शिकवत हुतो तवा पन असाच हुता. तुला ठावं हाय की.

मोनिका : ठाऊक आहे. चांगलंच ठाऊक आहे. आता बसा आणि मला नीट कारण सांगा. उद्या वीसच्या वीस मशीनवर एकाच साच्यातून नवं लिनक्स टाकायचंय. मुलं ज्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करतात, ती खिडकी सगळीकडे एकच पाहिजे. कॉन्सोल का नको?

फिलिप सर : नट्टापट्टा लई त्याचा. टॅब काय, रंग काय, आरपार दिसनारी खिडकी काय! मागं डोंगराचं चित्र आन त्याच्यावर अक्षर. पोरांनी डोंगर बघायचा का हुकूम? त्यापरीस आपला एक्सटर्म बघ. काळी पाटी, त्याच्यावर पिवळं अक्षर, पेरूएवढं मोठं.

मोनिका : पेरूएवढं आहे म्हणून एका ओळीत चार शब्द मावतात. फाइलींची यादी काढली की मुलं नुसती वरखाली करत बसतात. कॉन्सोलमध्ये एकाच खिडकीत दोन कामं शेजारी शेजारी उघडता येतात.

फिलिप सर : आन माझी बीप? एक बीप वाजली म्हंजे काम झालं, पुढं जा. दोन वाजल्या म्हंजे चुकलं, जागेवर थांब. सोळा वर्सं झाली हे बसवून. एक पोरगं विसरलं न्हाई. तू तरी विसरलीस का?

मोनिका : नाही विसरले. पण कुठे चुकलं, ते खाली चक्क लिहून येतं हो सर. ते कुणी वाचतच नाही. सगळी कान टवकारून बसतात.

फिलिप सर : ऐकनं बी शिक्षनच हाय.

मोनिका : मुख्याध्यापक काय म्हणाले ते लक्षात आहे ना? दोघांनी मिळून एक खिडकी ठरवा. ज्याची खिडकी, त्याचं प्रॅक्टिकल. दुसऱ्याने दाराशी बसून हजेरी घ्यायची आणि मुलांच्या चपला रांगेत लावून घ्यायच्या.

फिलिप सर : म्हनून तर भांडतोय. ही लॅब उभी केली तवा सहा मशीन हुत्या, त्या बी राहात्याच्या एका हापिसानं टाकून दिल्याल्या. ह्या दहा बोटांनी चालू केल्या मी. आता चपलांशी बसू? त्यापरीस मला गेटवर उभं करा.

मोनिका : तसंही सुचवलं होतं कुणीतरी.

फिलिप सर : कुनी?

मोनिका : मी.

फिलिप सर : वा! वा, मॅडम! बरं शिकवलं मी तुमाला.

छबूबाई : सर, च्या आनलाय. उजव्या अंगाला ठेवते, वायरीच्या अलीकडं. कपाचा कान तुमच्याकडं केलाय.

मोनिका : आणि माझा कुठे ठेवलात, छबूबाई?

छबूबाई : तुमचा? तुमच्या म्होरंच हाय की मॅडम. दिसतोय न्हवं?

मोनिका : हो, मला दिसतोय.

फिलिप सर : छबूबाई, जा तू. वर्ग झाडायचे ऱ्हायलेत.

छबूबाई : जाते की. सर, ते स्टूल वाटंत हाय, उठताना जरा...

फिलिप सर : जा म्हनतो ना!

मोनिका : बिचारीवर कशाला डाफरताय? असं करू, वाद नको. तुम्ही तुमच्याच मशीनवर, तुमच्याच एक्सटर्ममध्ये एक काम करून दाखवा. बिनचूक झालं तर मी आत्ता सही करते. वीसही मशीनवर एक्सटर्म, आणि प्रॅक्टिकल तुमचं.

फिलिप सर : शब्द?

मोनिका : शब्द.

फिलिप सर : सांग काम.

मोनिका : तुमचे धडे. ते या मशीनवरून मोठ्या मशीनवर, सर्व्हरवर हलवा. उद्या नवं लिनक्स टाकलं की इथलं सगळं पुसलं जाणार, नाहीतरी हलवायचेच होते.

फिलिप सर : हॅ! हे व्हय काम? चारशे बारा धडे हायेत, येकूनयेक मराठीतनं लिहिलेला. गावातल्या हिरींची यादी, येष्टीचं टायमिंग, पेरूच्या बागंला पानी द्यायच्या पाळ्या. पोरांना घरचं काय दिलं की डोक्यात शिरतं. नगरचे दोन मास्तर मागायला आल्ते, न्हाई दिले. तर हे बघ, आधी कॉपी. कुठनं, कुठं, ते टाकलं. आन एंटर.

(बीप. एकच.)

फिलिप सर : ऐकलीस? एकच. झालं.

मोनिका : नक्की ना, सर?

फिलिप सर : सोळा वर्सं करतोय मी.

मोनिका : स्क्रीनवर काय आलंय ते बघितलंत?

फिलिप सर : बघितलं की. सगळं ठीक हाय.

मोनिका : मग आता?

फिलिप सर : आता हितलं काढून टाकायचं. एक वस्तू दोन जागी ठिवायची न्हाई, पुढं घोटाळा हुतो. तुला बी हेच शिकवलंय. हे टाकलं, एंटर. ऐक, परत एकच! आन कागद, कर सही.

मोनिका : करते. आधी समोर आलेल्या ओळी वाचून दाखवा.

फिलिप सर : कुठल्या?

मोनिका : मघाच्या कॉपीखाली दोन आल्यात. पेरूएवढ्या अक्षरात.

फिलिप सर : चष्मा घरी ऱ्हायला वाटतं.

मोनिका : नाकावर आहे, सर.

फिलिप सर : उजेड पडतोय काचंवर. तो पडदा वढ जरा.

मोनिका : ओढलेलाच आहे. मी आल्या आल्या ओढला.

फिलिप सर : तूच वाच मग. काय परीक्षा घेतीस म्हाताऱ्याची?

मोनिका : वाचते. जागा शिल्लक नाही. कॉपी झाली नाही. एवढंच आहे. आणि त्यानंतर तुम्ही इथलं सगळं काढून टाकलंत.

फिलिप सर : खोटं. दोन वाजल्या असत्या.

मोनिका : सकाळी बदललं मी ते. आता काहीही झालं तरी एकच वाजते. आणि मोठ्या मशीनची डिस्क काल मीच काठोकाठ भरून ठेवली.

फिलिप सर : मोनिका, धडे कुठं हायेत?

मोनिका : गेले.

फिलिप सर : कचऱ्याच्या टोपलीत असतील की. काढ भाईर.

मोनिका : काळ्या खिडकीला टोपली नसते. ज्याची फाइल उडायची, त्याला तुम्ही हेच सांगायचात. सगळ्या वर्गाला हसवून.

फिलिप सर : तू काढली असशील येखादी कॉपी. गुपचूप. तू काय इतकी...

मोनिका : इतकी काय?

फिलिप सर : इतकी वंगाळ न्हाईस.

मोनिका : पेन ड्राइव्ह होता माझ्याकडे. काढावीशी नाही वाटली.

फिलिप सर : अगं, पोरांचं हुतं ते! माझं एकट्याचं न्हवतं.

मोनिका : मुलांना मी शिकवीन. कधीपासून दिसत नाही?

फिलिप सर : तीन वर्सं. काचबिंदू. नगरच्या डॉक्टरनी सांगितलं, गेली ती नजर काय माघारी येत न्हाई, ऱ्हायली ती जपा. दारातनं मानूस आलेलं कळतं. तोंड न्हाई कळत.

मोनिका : म्हणून रविवारी चर्चमधलं वाचन आता तुमच्याऐवजी तुमच्या मिसेस, मरियाबाई करतात. स्पीकरवर त्यांचा आवाज यायला लागला, तेव्हाच मला शंका आली होती.

फिलिप सर : हसतीस का गं तू आत्ता?

मोनिका : नाही.

फिलिप सर : हसत असलीस तरी न्हाईच म्हननार. सरळ इचारायचं हुतंस मला. चार भिंतीत. मी तुला खरं सांगितलं असतं.

मोनिका : तुम्ही मला सांगितलं होतं? नववीत? शेवटची, सहावी मशीन मला दिली होतीत. तिचा कीबोर्ड जोडलेलाच नव्हता.

फिलिप सर : ते... लई जुनं झालं ते.

मोनिका : दीड महिना मी टाइप करत होते, सर. स्क्रीनवर एक अक्षर उमटायचं नाही. विचारलं की तुम्ही म्हणायचात, मशीन मंद आहे, तू दाबत राहा. मला वाटायचं, माझीच बोटं वाईट. घरी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून रात्रंदिवस बोटं मारायचे. आणि सगळ्या वर्गाला माहीत होतं. सगळे तोंड दाबून हसत होते.

फिलिप सर : तू बडवायचीस गं! सहाच मशीन हुत्या, येक बी मोडली असती तर दुसरी कोन देनार हुतं?

मोनिका : हळू दाब म्हणाला असतात तर हळू दाबलं असतं.

फिलिप सर : गंमत केली हुती, दोन दिवसांची. मग ऱ्हाऊनच गेलं. पोरं हसायची, मला बी बरं वाटायचं. चुकलं माझं.

मोनिका : हो. चुकलं.

फिलिप सर : पाया पडू का तुझ्या?

मोनिका : नको. स्टूल वाटेत आहे, अडखळाल. हा अर्ज टाइप करून आणलाय. प्रकृतीच्या कारणाने स्वतःहून काम सोडतोय, असा. डोळ्यांचं नाव घेतलेलं नाही.

फिलिप सर : आन न्हाई केली सही तर?

मोनिका : सुट्टी संपली की मुख्याध्यापकांसमोर हेच काम परत करून दाखवायचं. दहावीच्या मुलांनाही बोलवीन. त्यांनाही बघू दे.

फिलिप सर : हजेरी घेतो मी. चपला बी लावतो. ऱ्हाऊ दे मला हितंच. ह्या खोलीत मला समदं दिसतं, मोनिका. कुठली मशीन कुठं, कुठली खुर्ची डुगडुगती. घरी मी दाराला धडकतो.

मोनिका : हजेरीपुस्तक वाचावं लागतं, सर.

फिलिप सर : मरियाला बोलवतो. ती वाचंल अर्ज, मग बघू.

मोनिका : बोलवा की. मग धड्यांचंही त्यांना तुम्हीच सांगा. कुणी पुसले, कसे पुसले.

फिलिप सर : नगं. तिला नगं. त्यातले निम्मे तर तिनंच लिहून दिल्ते, मी सांगायचो तसे. मीच कट्टाळलो म्हनून सांगंन तिला. वाच तू. शब्द गाळू नगंस.

मोनिका : "माननीय मुख्याध्यापक यांस. मी फिलिप दाविद साळवे, संगणक निदेशक, प्रकृतीच्या कारणामुळे माझे काम आजपासून स्वखुशीने सोडत आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही." संपलं.

फिलिप सर : एवढंच लिवलंय?

मोनिका : मी म्हणते तेवढंच धरून चालायचं आता. सवय करून घ्या.

फिलिप सर : स्वखुशीने. बरं. दे पेन.

मोनिका : घ्या. इथे करा.

फिलिप सर : इथं म्हंजे कुठं?