छपरात शिरलेली भिंत

अमरावतीच्या म्युनिसिपालिटीत देवीदास गुरांच्या कडबा-कुट्टीसाठी छपराची परवानगी मागायला रांगेत उभा होता. त्याच्यापुढे भाजीवाली पार्बताबाई खिडकीतल्या कारकुनाला नोटीस दाखवत होती.

“बाई, परसातलं छप्पर हद्दीच्या भिंतीपासून तीन फूट लांब पाहिजे. तुमचं तर टेकलंय. आठ दिवसांत पाडा.”

“छप्पर नाई टेकलं, साहेब. भिंतच छपरात शिरली.”

“म्हणजे?”

“छप्पर सासऱ्याच्या हातचं. वाटे झाले तवा दिरानं मधातून भिंत घातली. अर्धं छप्पर मले, अर्धं त्याले.”

“मग तीन फूट सरकवा.”

“सरकवलं त चुलीवर येते. भाजीच्या टोपल्या कुठी ठेवू?”

“दिराला सांगा, भिंत सरकव म्हणून.”

“त्याच्याशी बोलून सात वर्सं झाले.”

देवीदासच्या मागून आवाज आला, “साहेब, तो दीर मीच, खुशाल. मलेबी अशीच नोटीस आली.”

पार्बताबाईनं वळून पाहिलं नाही. कारकुनानं दोन्ही नोटिसा जवळजवळ ठेवून पुन्हा वाचल्या.

“भिंतच नसती तर छप्पर मधोमध आलं असतं. मग नोटीसही निघाली नसती.”

देवीदास मधून बाजूला झाला. खुशाल खिडकीशी येऊन म्हणाला, “मंग पाडतो भिंत.”

“पण मग छप्पर एक, परस एक. परवानगी कुणाच्या नावानं लिहू?”

“भाऊजीच्या,” पार्बताबाई म्हणाली.

“वयनीच्या,” खुशाल त्याच वेळी म्हणाला.

कारकुनानं टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.