बाबांचे डाव बत्तीस बाइटमध्ये

जागा वाचवायच्या गोष्टी माझ्यासमोर नका काढू यार, मी त्यात एकदा फार हुशारी केली होती.

दिल्लीत आर. के. पुरमला होतो तेव्हा बाबा शेजारच्या देशमुखकाकांशी रोज बुद्धिबळ खेळायचे आणि प्रत्येक डाव वहीत लिहून ठेवायचे. काका गेले आणि बाबांचा खेळ थांबला. नंतर बाबा माझ्याकडे नोएडाला आले, तेव्हा सोबत एकोणीस वह्या आल्या. मी तीन महिने रविवारी बसून सगळं डेटाबेसमध्ये भरलं. पटावरची प्रत्येक स्थिती फक्त बत्तीस बाइटमध्ये. तीच स्थिती दोन डावांत आली, तर एकदाच ठेवली. आख्ख्या वह्या एका फोटोएवढ्या झाल्या! मग बाबांना न विचारताच मी त्या रद्दीत दिल्या.

लॅपटॉपवर एक पट बघून बाबा हसले. "इथे देशमुख अर्धा तास अडकला होता. मग काय खेळला रे तो?"

"बाबा, नुसत्या स्थिती ठेवल्यात. चालींचा क्रम नाही ठेवला."

"बरं, मग वहीच आण. तो खेळताना जे बडबडायचा, ते मी समासात लिहिलंय."

मी तसाच रद्दीवाल्याकडे धावलो. माल आदल्याच दिवशी गेला होता.

घरी येऊन सांगितलं. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "चूक माझीच. तुला कधी वाचून दाखवलं नाही."