सुनंदा नाशिकले गेली तवा

मी मूळचा उंद्रीचा. बापाचा भाजीपाल्याचा मळा, पण मले वावरापेक्षा तांब्याच्या तारेचं येड, म्हणून नांदुऱ्यात येऊन पाण्याच्या जळालेल्या मोटारी भराचं काम शिकलो, जुनी तार काढाची, नवी गुंडाळाची, तेच आजवर करून राह्यलो.

लग्न झालं सुनंदासंग, ती दवाखान्यात नर्स. काय सांगू तुमाले, ती वाईट नाई, मीबी नाई, पण आमचं जमलंच नाई, फारकत झाली. पोरगी आर्वी तिच्याजवळ, मोताळ्याले माहेरी, अन कोर्टानं मले दर रविवार देला, सकाळी दहा ते पाच. हप्ताभर मी त्या रविवारासाठीच जगो, भाऊ. तिले सायकल शिकवली, वेण्या घालाले शिकलो, वाकड्या येत, पण घालो.

मंग एक दिवस सुनंदाचा फोन. नाशिकले पक्की नोकरी लागली म्हणे, शाळा उघडाच्या आत जा लागते. मी म्हटलं, अन माहे रविवार? ती म्हणे, म्हणूनच तर आधी तुमाले सांगून राह्यली. माह्या हातातली तार तशीच राह्यली. मोठा भाऊ म्हणे, काऊन सोडतं बे, अर्ज टाक, अडव तिले. मीबी रागारागात वकीलबाईकडं गेलो. बाई म्हणे, अडवाचं का नाई ते जज पायतीन, पण तुमच्यापायी मायची नोकरी गेली तर पोरगी उद्या तुमाले काय म्हणीन? दोघं बसून ठरवा, मी लिहून देते, कोर्टातून आदेश बदलून घेऊ, नुसतं तोंडी नका ठेवू.

दोन दिवस जेवण गोड लागलं नाई. मंग गेलो मोताळ्याले. सुनंदाच्या मायनं चहा ठेवला, आमी दोघं क्यालेंडर घेऊन बसलो. महिन्यातून एक शनिवार-रविवार मी नाशिकले जाचं, बुधवारी फोनवर तोंड पाहाचं, अर्धी दिवाळी पोरगी माह्याकडं. उन्हाळ्याचे ती पंधरा दिवस म्हणे, मी महिना धरून बसलो. शेवटी तिनंच क्यालेंडरवर खूण केली, म्हणे, घ्या महिना, पण उन्हात नका फिरवू तिले.

बुलडाण्याच्या कोर्टात जजसाहेबानं आर्वीले एकटीले आत बोलावलं. बाहेर मी घिरट्या घालून राह्यलो, काय सांगते का नाई पोरगी. मंग आमाले आत घेतलं अन साहेब म्हणे, दोघांजवळ राहाले ती राजी हाये, तिले एकच काळजी, पप्पाले नाशिकचं घर सापडीन का. मी तिथंच रडलो, सुनंदानंबी डोळ्याले पदर लावला. साहेबानं आदेश बदलून देला.

आता दर महिन्याले नांदुऱ्यावून गाडी पकडतो. तिकडं स्टेशनावर आर्वी मायचा हात धरून उभी राह्यते, मले पाह्यलं का हात सोडून पळत येते. दिवस कमी झाले, खोटं काऊन बोलू, पण जे हायेत ते पक्के हायेत, जीव भांड्यात पडला. देवाले एवढंच म्हणतो, पोरीले सुखी ठेव, अन तिच्या मायलेबी.