आमच्या घरचे सत्तावीस प्रेक्षक

मालिकांच्या लोकप्रियतेचा विषय काढलात, म्हणून सांगते. ऐंशीच्या दशकात देवळाली कॅम्प रस्त्यावरील आमच्या वसाहतीत दूरदर्शन संच एकट्या माझ्याकडे होता. रविवारी सकाळी हवेत उडणाऱ्या नायकाची मालिका पाहायला सारे शेजारी येत. एकदा दूरदर्शनसाठी प्रेक्षकसंख्येची पाहणी करणारे एक गृहस्थ ऐन त्याच वेळी आले. प्रेक्षक कमी भरल्यास मालिका बंद होईल, असे त्यांनी सांगताच सगळे धास्तावले.

"घरात पाहणारे किती?"

"सत्तावीस."

"बाई, फक्त घरातली माणसे सांगा."

"तेच सांगते आहे. यांच्या चपला माझ्या दारात आहेत आणि माझा माठ यांनीच रिकामा केला आहे."

त्यांनी निमूटपणे आकडा लिहिला. "मालिकेविषयी आपले मत?"

शेजारच्या कांबळे वहिनी कुजबुजल्या, "काकू, आज तरी चांगलं बोला हो!"

"खोटे मी बोलत नाही. लिहा, नायक उडतो तेव्हा पाठीला बांधलेली तार स्पष्ट दिसते."

वहिनींचा चेहरा उतरला.

"मग बंद करावी, असे लिहू?"

"मुळीच नाही. तार बदलावी, असे लिहा. आणि आता खाली बसा, मागच्यांना दिसत नाही."