घास उतरेपर्यंत

मंडळी, पुढे सरका. मागे बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही. बारीक आवाजाचा, पुस्तकं चाळणारा माणूस मी — कीर्तनाला उभा कसा राहिलो ते या रवळनाथालाच ठाऊक! पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. हां. आता बरं.

आज मोठं निरूपण नाही. एक प्रश्न विचारतो. साधा आहे, हसू नका. देवापुढे नैवेद्याचं पान मांडलं, तुळशीचं पान ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले — आता सांगा, देवाला जेवायला वेळ किती द्यायचा?

हसलात ना! गुरवकाका, तुम्ही तरी सांगा. ते बघा, तेही मान खाली घालून हसतायत! अहो, घरी आपण करतो काय? डोळे मिटतो, उघडतो, की ताट उचललं! वरणावरचं तूप विरघळायच्या आत! माणूस असता तर म्हणाला असता, "अहो, बसू तरी द्या!"

देव जेवतो की जेवत नाही, या वादात मी शिरत नाही. तेवढी माझी पोच नाही. माझा प्रश्न लहान आहे — भरवणाऱ्यानं थांबायचं किती? त्यावर आख्यान ऐका. यात राजा नाही, राक्षस नाही. टीव्ही आहे!

तळकोकणात, खाडीकाठी एक गाव. तिथं अर्सुला लोबो नावाची म्हातारी राहायची. गाव तिला बाय म्हणायचं. लग्न केलं नाही, उभा जन्म मुंबईत मुलींना पियानो आणि विलायती गाणं शिकवण्यात गेला. ऑपेरा म्हणतात त्या गाण्याला. म्हणजे काय? आपलं संगीत नाटकच म्हणा, फक्त दूरच्या मुलखातलं, आणि माइकशिवाय! बाई रंगमंचावर उभी राहते आणि शेवटच्या खुर्चीत झोपलेल्याला जागं करते. — त्या खांबाशी कोण पेंगतंय? उठवा त्यांना!

तर म्हातारपणी बाय गावी आली आणि एक दिवस अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं. वाचा गेली. तहान लागली तरी 'पाणी' म्हणता येईना. पण मंडळी, गाणं राहिलं! डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. बोलण्याची वाट बुजते आणि गाण्याची उघडी राहते. एकच गाणं उरलं होतं, इटालियन भाषेतलं. त्याचा अर्थ काय? सांगणार कोण! ज्यांना ठाऊक, त्यांना वाचा नाही.

बायची देखभाल करायला शालन धुरी यायची. पन्नाशीची, सडसडीत, चार माणसांत बोलताना पदराचं टोक पिळणारी. गाण्याशी तिचा संबंध एवढाच, की तरुणपणी खाडीपलीकडच्या होडीवाल्याला हाक मारायची. वारा उलटा असला तरी हाक पोचायची! होडीवाला म्हणायचा, "वयनी, हळू गे, मासे पळतत!"

डॉक्टरांनी शालनला बजावलं होतं, "पातळ पेज भरवा. घास गिळलेला बघा, मगच पुढचा. घाई केलीत तर ठसका लागेल, घास श्वासाच्या वाटेनं जाईल — जिवावरचं काम आहे. आणि खाल्लंच नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल."

नळी! शालननं तेव्हापासून त्या शब्दाचाच धसका घेतला. कारण बाय तोंडच उघडत नव्हती. चमचा ओठाशी नेला की ओठ घट्ट.

मग एका सकाळी काय झालं? बाय आपल्याशीच गाण्याची एक ओळ गुणगुणली. शालननं काही न कळता, जशी ऐकली तशी ती मागोमाग म्हटली. वरचा सूर आला तेव्हा तिचं तोंड मोठ्ठं उघडलं. बायनं ते बघितलं आणि तिचंही तोंड उघडलं! बायांनो, तुम्हाला काय सांगायचं? पोराला भरवताना आपलंच तोंड आधी उघडतं की नाही? पेजेचा घास आत गेला. शालन थांबली. बायचा गळा हलला, घास उतरला. मग पुढची ओळ.

झालं! रोज असंच. एक ओळ, एक घास, एक थांबणं.

पण थांबा हं, म्हातारी सोपी नव्हती! जन्म शिकवण्यात गेलेला. शालनचा सूर जरा खाली आला की बायचं तोंड बंद! डावं बोट वर — पुन्हा म्हण! हातात चमचा, पेज निवतेय, आणि शालन आपली पुन्हा पुन्हा म्हणतेय. सूर लागला की मग आ! मंडळी, शालन पुढे सगळ्यांना सांगायची, "मी गाणं शिकले नाही." खरंच वाटायचं तिला तसं. मला सांगा, एवढी कडक शिकवणी कोणाला मिळते?

असं वर्ष गेलं. बायचा भाचा रॉनी मुंबईहून आला. त्यानं खिडकीबाहेर उभं राहून शालनचं गाणं फोनवर टिपलं आणि टीव्हीवर हौशी कलावंतांची स्पर्धा असते ना, तिकडे पाठवून दिलं. चॅनेलचं बोलावणं आलं!

"मी नाय जाऊचंय," शालन म्हणाली. "बायक पेज कोण भरवतला?"

रॉनी म्हणाला, "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, मावशी. आंटीनं जन्मभर शिकवलं. तिची एक तरी शिष्या जगाला दिसू दे!"

शालननं बायकडे बघितलं. बायचं डावं बोट हळूहळू वर आलं आणि दाराकडे वळलं. जा!

आता शिक्षकानं बोट दाखवल्यावर काय करायचं? जाऊबाई मंदा हिच्या हाती वाटी-चमचा देऊन शालन मुंबईला गेली. पोचल्या पोचल्या फोन.

"जेवली?"

"तोंड उघडीत नाय गो!" मंदा रडकुंडीला आलेली. "मी गाणा पण म्हटलंय. ऐकून तिना डोळेच मिटून घेतल्यान!"

शालन फोनवरून गायली. बायनं मान फिरवली. डबीतून येणाऱ्या आवाजाला चेहरा कुठला? व्हिडिओ कॉल लावला, तर गावात इंटरनेट धड नाही. शालनचं तोंड उघडलं आणि उघडं ते उघडंच राहिलं, चित्र हलेना! मंदा म्हणाली, "गे, फोटोक काय भरवू मी?"

दुसऱ्या दिवशीही तेच. चमचाभर पाणी, बस्स. डॉक्टरांनी सांगून ठेवलं, संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर नळी. आणि त्याच संध्याकाळी कार्यक्रम! थेट प्रक्षेपण. इथं गायचं, तिथं घराघरात दिसायचं.

शालननं परत फोन लावला. "मंदा, ऐक. बायच्या समोर टीव्ही लाव. पेज पातळ कर. माझा तोंड दिसात, मी आ केलंय की घास घाल. मी थांबलंय की थांब. घाई करू नको गे बाये."

टीव्हीसमोर जेवायचं! आपल्याकडे तर घरोघरी चालतं, पण असं कारण कोणाकडे होतं?

इकडे तालमीला काय झालं, ते ऐका. कानात यंत्र घातलेली एक मुलगी सगळं बघत होती. मागे वाजायचं संगीत आधीच ध्वनिमुद्रित केलेलं, त्याला ते ट्रॅक म्हणतात. ट्रॅक सुरू झाला. शालन एक ओळ गायली — आणि थांबली. ट्रॅक पुढे पळाला!

"मावशी, थांबायचं नाही!"

पुन्हा सुरू. पुन्हा एक ओळ, पुन्हा शालन गप्प. नजर समोर लावून उभी.

"मावशी, का थांबता?"

"घास उतरूक नको?" शालन म्हणाली.

मुलीला काही कळेना. शालननं पदर पिळत पिळत सगळं सांगितलं. मुलगी चांगली होती हो, पण तिला तिचं काम. म्हणाली, "मावशी, तिकडची काळजी तिकडे. इथं थांबलात तर बाद व्हाल. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही." आणि सगळ्यांचे फोन टोपलीत गोळा करून घेऊन गेली.

बघा मंडळी, बाई कशी कात्रीत सापडली! थांबली तर स्पर्धेतून बाद. रॉनीची आशा, बायचं बोट, सगळं पाण्यात. आणि न थांबली तर? तिकडे मंदा टीव्हीकडे बघून घासावर घास घालणार. ठसका! श्वास! फोन नाही, निरोप नाही. बाय टीव्हीकडे बघेल की मान फिरवेल, तेही ठाऊक नाही. विंगेत उभी राहून शालन कुठल्या देवाला आळवत होती? रवळनाथाला, आणि बायच्या खोलीतल्या क्रूसालाही! भुकेच्या वेळी कोण कोणाचा देव बघत बसतो?

नाव पुकारलं. शालन उजेडात आली. समोर परीक्षक. त्यातले एक काळा कोटवाले गृहस्थ म्हणाले, "या काकू. काय म्हणणार, भजन?"

"नाही. ते... ऑपेरा."

हशा पिकला! मागून कोणी ओरडला, "काकू, ऑपेरा की पापड?"

"कुठं शिकलात?"

"शिकले नाही."

"अर्थ तरी माहीत आहे का गाण्याचा?"

"नाही, साहेब."

परीक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. तसं बघणं ठाऊक आहे ना तुम्हाला? ट्रॅक सुरू झाला.

शालननं आ केला.

काय सांगू! जो आवाज उलट्या वाऱ्यात खाडी ओलांडायचा, तो त्या बंद सभागृहात सुटला! पापडवाला गप्प. काळा कोट खुर्चीत सावरून बसला. वरचा सूर असा सरळ उभा राहिला की छताकडे बघावंसं वाटलं. ओळ संपली, टाळ्यांचा कडकडाट झाला —

आणि शालन थांबली.

ट्रॅक पुढे गेला. टाळ्या विरल्या. शालन गप्प. विंगेतून ती मुलगी दोन्ही हात हलवतेय — गा! गा! कोणी शिटी मारली. "विसरली!" एक ओळ, फक्त पुढची ओळ धरली असती तर ट्रॅक अजून हाती लागला असता! तोंड उघडायला आलं होतं. पण डोळ्यांपुढे परीक्षक दिसेनात. दिसला तो सुरकुतलेला गळा, आणि त्यात अडकलेला घास. तो हलला का? नाही अजून. नाही. नाही.

तिनं स्वतः आवंढा गिळला. गळा हलला. कॅमेरा जवळ होता, घराघरात तो दिसला.

मग दुसरी ओळ. ट्रॅकशी काही मेळ नाही! ट्रॅक एकीकडे, शालन दुसरीकडे. शेवटी यंत्रावरच्या माणसानं हात टेकले आणि ट्रॅक बंद केला. आता नुसता गळा. एक ओळ, मग शांतता. एक ओळ, मग शांतता. पहिल्यांदा लोक हसले होते. पुढे पुढे कोणी खोकेना. ती थांबली की सगळं सभागृह थांबायचं. कशासाठी थांबलोय हे एकालाही ठाऊक नव्हतं, तरी थांबले!

गाणं संपलं. लोक उभे राहिले. काळ्या कोटाच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, "बाई, असा आवाज मी या मंचावर ऐकला नाही. पण तुम्ही ट्रॅक सोडलात. नियम आहेत. काय करू मी?"

शालन म्हणाली, "साहेब, माझा फोन देता?"

मुलगी धावत फोन घेऊन आली. नंबरही तिनंच लावून दिला. शालनच्या पदराला माइक लावलेला होता. साऱ्या सभागृहानं ऐकलं.

"मंदा! जेवली?"

पलीकडे नुसतं रडणं.

"मंदा, बोल गे!"

"जेवली गो!" मंदा हुंदके देत म्हणाली. "तुझा तोंड दिसला आणि तिना आ केल्यान! ठसको नाय, काय नाय! तू आवंढो गिळलंस, तसो तिना घास गिळल्यान. पण शालन, शेवटचो घास रवलो गो! तुझी शेवटची ओळ येवच्या आधीच जाहिराती लागल्यो. बाय आ करून बसली हा!"

खरंच मंडळी! इतके थांबे घेतले की चॅनेलची वेळ संपली आणि साबणाच्या जाहिराती सुरू झाल्या. आणि तिकडे म्हातारी साबणाकडे बघत, आ करून!

सभागृहात हसणं आणि रडणं एकच झालं. "बसा काकू, निकाल थोड्याच वेळात," कोणीतरी म्हणालं. शालननं पिशवी उचलली. "नको. शेवटचा घास राहिलाय," म्हणाली आणि निघाली.

निकाल? बाद झाली ती. नियमानं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीतून उतरली ती थेट बायच्या खोलीत. पाय धुतले, हात धुतले, चमचाभर पेज घेतली आणि शेवटची ओळ म्हटली. आणि बायनं काय केलं असेल? तोंड बंद! डावं बोट वर! प्रवासानं शालनचा गळा बसला होता, सूर उतरला होता. सगळ्या महाराष्ट्रानं टाळ्या वाजवल्या असतील, बायला त्याचं काय? पुन्हा म्हण!

शालन हसली, रडली आणि पुन्हा म्हणाली. आ झाला. घास गेला. शालन थांबली. गळा हलला. उतरला.

एवढंच आख्यान. नीट सांगता आलं की नाही कोण जाणे. पण आता तुम्हाला विचारतो, रागावू नका. घरी गेल्यावर आतल्या खोलीत एक ताट ठेवता ना? सासूसाठी, बापासाठी? ताट ठेवलं, दार ओढलं, आलो टीव्हीपुढे. घास उतरला का, बघितलंत कधी? गिळताना त्यांचा गळा कसा हलतो, ठाऊक आहे तुम्हाला? किती थांबायचं, हे मला विचारू नका, मंडळी. मला ग्रंथात सापडलेलं नाही. ज्याला भरवता, त्याच्या तोंडाकडे बघा. तिथं कळतं.

उठा आता, आरती करू. मग नैवेद्य. भुका लागल्यात, ठाऊक आहे मला. खिरीचा वास इथवर येतोय. गुरवकाका, पान मांडा. पाणी फिरवा. ओढा पडदा.

हं... हात कशाला पुढे केलात? थांबा. अजून नाही.