भोंगा वाजला आणि भिकनदादा थांबला

आमच्या भिकनदादाची गंमत सांगतो. बँकॉकच्या कापड गिरणीत तीन वर्षं काढून तो सुट्टीला घरी, लिंबायतला आला होता. रस्त्यानं चालताना मला म्हणाला, "तिकडं संध्याकाळी कर्ण्यावर राष्ट्रगीत लागलं, की माणसं असतील तिथं उभी राहतात. आपल्याकडं कोण थांबतंय?"

तेवढ्यात कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा वाजला आणि दादा सवयीनं भर रस्त्यात ताठ उभा राहिला. मागचा रिक्षावाला ओरडणार होता, पण दादाचा गंभीर चेहरा पाहून त्यानं मला हळूच विचारलं, "भाऊ, कोण गेलं?" मी हसू दाबायला रुमालात तोंड लपवलं. झालं! तोही हात जोडून उभा राहिला. मग भाजीवाल्या आल्या, शेजारी आले. भोंगा थांबल्यावर दादा घराकडं निघाला, तर सगळे मुकाट्यानं मागं.

दारात वहिनी घाबरली. "अहो, कोण गेलं?"

दादानं वळून गर्दी पाहिली. "कुणास ठाऊक! पण माणूस मोठा असणार."